दुपारचं माणूस

आज सकाळपासून आमच्या गल्लीत टेंपो यायला लागलेत. सामान प्रत्येकात थोड्याफार फरकाने सारखंच. गुंडाळलेली गादी, लोखंडी कॉट, गॅसची शेगडी, पाण्याचा निळा ड्रम, आणि या सगळ्याच्या मधोमध मांडीवर मिक्सर नाहीतर देव सांभाळत बसलेली एक बाई. कधी ती आई असते, पुष्कळदा आजी. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते लेकरू मागून काकाच्या मोटरसायकलवर येतं, कानात वायरी घालून. जून लागला की लातूरच्या या भागात हेच दृश्य. निलंगा, देगलूर, भोकर, कुठून कुठून मुलं शिकायला येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांना जेवू घालणारं एक माणूस येतं. याला इथे ‘रूम करून राहणं’ म्हणतात.

मी गॅलरीत उभी राहून बघते. समोरच्या घरी आज उतरलेल्या बाईने टेंपोतून पाय खाली टाकल्याबरोबर आधी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे. मी हात हलवला. तिने पदर सावरला आणि तोंड फिरवलं. ओळख व्हायला तिला आठवडा लागेल. मला तर महिना लागला होता.

अर्णव, तारा, तुमच्याकडे आत्ता थंडी आहे. रविवारी आमची मंजू, म्हणजे तुमची आई, लॅपटॉप फिरवून फिरवून मला घरं दाखवत होती. तिची नोकरी पर्थहून मेलबर्नला जाते आहे, आणि तिथे म्हणे घर आणि शाळा वेगवेगळी निवडताच येत नाही. रस्त्याच्या या बाजूला राहिलात तर एक शाळा, त्या बाजूला राहिलात तर दुसरी. नकाशावर लाल रेघ होती. तुमचे बाबा म्हणत होते, प्रवास वाढेल. आई म्हणत होती, पण शाळेचे निकाल बघ. दोघांचे आवाज चढत नव्हते. उलट हळू हळू होत चालले होते, आणि तेच मला फार ओळखीचं वाटलं. अर्णव, तू सोफ्याच्या टोकाला टोपी डोळ्यांवर ओढून बसला होतास. मी विचारलं, “तुला कोणतं आवडलं रे?”

तू म्हणालास, “काहीही, आजी.”

हा शब्द मी याआधी एक अख्खा उन्हाळा ऐकला आहे.

मी हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. माझं स्वतःचं शिक्षण सिकंदराबादला इंग्रजीतून झालं, पुढे नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून जन्मभर इंग्रजी पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवले. पण त्या उन्हाळ्यात घरात जे बोललं गेलं आणि जे बोललं गेलं नाही, ते दोन्ही मराठीतच होतं. कुठे अडलात तर आईला विचारा.

तीन वर्षं झाली. तेव्हा आम्ही सगळे नांदेडला एकाच घरात होतो. तुमचे आजोबा नाना, मी, तुमचा प्रशांतमामा, सुनीतामामी आणि रेवाताई. माझं घर तुम्ही पाहिलं आहे. डाळींच्या बरण्या उंचीप्रमाणे, टॉवेल रंगाप्रमाणे. नाना म्हणायचे, “या घरात मलाच तेवढा नंबर चिकटवायचा राहिलाय.” प्रशांत रेल्वेत, आणि त्याच्या कामाची जागा लातूरला नव्हतीच. सुनीता सरकारी दवाखान्यात नर्स. एप्रिल संपता संपता तिच्या बढतीचा हुकूम आला. ती वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होणार होती, पण लातूरला. जूनच्या पहिल्या सोमवारी रुजू व्हायचं, नाहीतर बढती नको असं लिहून द्यायचं. एकदा नको म्हटलं की पुन्हा कधी, ते कुणी सांगत नव्हतं.

तिने पेढे आणले. वाटताना कुणाच्याही डोळ्यांत पाहिलं नाही.

रेवा नुकतीच सातवी पास झाली होती. आपल्याकडे आठवीपासून दहावीच्या परीक्षेची सावली पडायला लागते. लातूरला ती सावली नसते, डोक्यावरचं ऊनच असतं. अशा वर्षी मुलीची शाळा बदलायची, की तिला बापाजवळ नांदेडला ठेवून आईने एकटीने जायचं, की आईने जायचंच नाही? घरातल्या प्रत्येकाला हे प्रश्न दिसत होते. मोठ्याने मात्र फक्त शाळांची नावं घेतली जायची.

जेवताना नाना म्हणाले, “लातूर काय लंडन हाय का? दर घंट्याला बस हाय.”

प्रशांत ताटाकडे बघत म्हणाला, “तिला जायचं असेल तर मी नाही म्हणणार नाही.”

त्या वाक्यात ‘हो’ कुठे आहे, ते मी शोधत राहिले. बहुतेक सुनीताही शोधत होती. तिने रेवाच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला.

“रेवा, तुला काय वाटतं?”

“काहीही.”

मे महिन्यातलं नांदेड तुम्ही पाहिलेलं नाही. तुमची आई तुम्हाला नेहमी डिसेंबरात आणते. मे महिन्यात दुपारी नदीवरून येणारा वारासुद्धा चुलीपुढून आल्यासारखा असतो. दारं-खिडक्या लावून, कूलरच्या ओल्या गवताच्या वासात आम्ही सगळे पडून असायचो, आणि झोप कुणालाच नसायची. कूलरचं पाणी टपटपायचं. रेवा भिंतीकडे तोंड करून असायची. सुनीताची बांगडी एकदा वाजायची, मग बराच वेळ नाही. त्या अंधारात मला एक वाट स्पष्ट दिसत होती, की मी सुनीताबरोबर जायचं. सगळं जमत होतं त्यात. पण सुनीताने मला विचारलं नाही, आणि मी बोलले नाही.

का, ते सांगते. सुनीता मला कधीच काही मागत नाही. मला तापाची गोळी देतानासुद्धा ‘आई, घेता का?’ असं विचारते. दवाखान्यात चाळीस खाटांना ‘घ्या’ म्हणणारी बाई घरात ‘घेता का’ म्हणते. सासूला ‘तुमचं घर, तुमचं माणूस सोडून माझ्याबरोबर चला’ म्हणणं तिच्या वळणात बसत नव्हतं. आणि न बोलावता ‘मी येते’ म्हणणं माझ्या वळणात बसत नव्हतं. सुनेच्या नव्या बिऱ्हाडात सासूने आपण होऊन पिशवी उचलून जाऊ नये, असं माझी आई सांगायची. दोघी आपापल्या जागी बरोबर होतो. याला मर्यादा म्हणतात. दोन्हीकडून इतकी काटेकोर पाळली, की मधून जायला बोळसुद्धा उरत नाही.

शाळा बघायला मात्र मी गेले. ते सासूच्या अधिकारात बसत होतं.

पहिल्यांदा आम्ही दोघीच गेलो. बसची सीट इतकी तापलेली, की मी पिशवी अंथरून बसले. लोहा गेलं, अहमदपूर आलं. नांगरून पडलेली काळी रानं, आणि मध्येच एखादा गुलमोहर भडकलेला. अहमदपूरच्या स्टँडवर सुनीताने तिखट-मीठ लावलेली काकडी घेतली, अर्धी मला दिली. तेवढंच आमचं बोलणं.

नव्या रस्त्यावरची ती मोठी शाळा. काचेचं दार, आत थंडगार, भिंतभर परीक्षेत चमकलेल्या मुलांचे फोटो. टेबलाशी बसलेल्या मुलीने विचारलं, “फाउंडेशन बॅच घ्यायची ना? आठवीपासून घेतली की पुढे मेडिकलची परीक्षा सोपी जाते.”

“ती तेरा वर्षांची आहे अजून,” सुनीता म्हणाली.

“मॅडम, सहावीपासून घेणारे पालक आहेत.”

मी ग्रंथालय बघायला मागितलं. मुलीने जरा विचार केला आणि म्हणाली, “ते आमचं ऑनलाइन आहे.” सुनीताला हसू आलं. ते तिने रुमालात दाबलं. कितीतरी दिवसांत मी ते पाहिलं नव्हतं.

दुसऱ्यांदा रेवाला घेऊन गेलो. तेव्हा रुजू व्हायला आठवडाच राहिला होता. सुनीताने आदल्या दिवशी मला सांगितलं, “आई, उद्या घर आणि शाळा दोन्ही जमलं तर ठीक. नाही जमलं तर मी लिहून देते.” एवढं म्हणून ती पोळ्या लाटायला लागली. लाटण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

गावातली जुनी शाळा. सुट्टीतली शाळा हा एक वेगळाच प्रदेश असतो. बाकं एकमेकांवर उलटी ठेवलेली, पाय वर केलेले. व्हरांड्यात खडूचा आणि बंद पाण्याच्या टाकीचा वास. एका फळ्यावर शेवटच्या दिवशीचं अर्धं गणित तसंच राहिलेलं. रेवा त्याच्यासमोर थांबली. मला वाटलं, ती ते सोडवेल. तिने नुसतं बघितलं आणि पुढे आली. गणित, विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून, म्हणजे तिच्या जुन्या शाळेसारखंच. मुख्याध्यापिका बाई पंख्याखाली घाम पुसत होत्या.

“तुला काय आवडतं गं?”

“काहीही.”

मला वाटलं, बाई आता आमच्याकडे वळतील. सगळे तसंच करत. बाई वळल्या नाहीत. पाण्याचा एक घोट घेऊन पुन्हा म्हणाल्या, “ते झालं. पण काय आवडतं?”

रेवाने मान वर केली.

“शनिवारपर्यंत कळवा,” बाई सुनीताला म्हणाल्या. “आठवीच्या वर्गात जागा थोड्याच आहेत.”

मग घरं. भर उन्हात गल्ल्यागल्ल्यांतून. पहिल्या घराचा मालक बनियनवर पायरीवर बसला होता. “आठवी? आमच्याकडं अकरावी-बारावीचीच लेकरं असतेत. आठवीचं लेकरू नुसतं धिंगाणा करतंय.” रेवा माझ्यामागे उन्हात निमूट उभी होती. धिंगाण्याची शक्यता मला फार बरी वाटली. दुसऱ्या घरी एका खोलीच्या प्लायवूड ठोकून तीन खोल्या केलेल्या, खिडकी उघडली की शेजारच्याच्या फोडणीत. तिसरीकडे म्हणाले, “मुलगी असंल तर मुलींच्या हॉस्टेलात टाका की, ताण कशाला घेता?” सुनीता पायरी उतरली. तिच्या कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. मला दिसत होतं, ती मनातल्या मनात ‘बढती नको’चा अर्ज लिहायला लागली आहे.

शिवकांताबाईंचं घर शेवटचं. खाली त्यांच्या यजमानांचं, अप्पांचं, लोखंडी सामानाचं दुकान. वर दोन खोल्या आणि ही गॅलरी. बाई मूळच्या उदगीरच्या, कपाळाला भस्म, पायांत जाड जोडवी. त्यांनी आम्हाला बसवलं. तांब्या-भांडं ठेवलं आणि म्हणाल्या, “लागंल तेवढंच वता, उष्टं टाकू नका.” मला जरा लागलं ते.

सुनीताने सगळं नीट विचारलं. ऊन कुठून येतं, दवाखान्याला ऑटो मिळतो का, शाळा किती लांब, रात्री गल्लीत दिवे असतात का. शिवकांताबाई उत्तरं देत गेल्या आणि मग पाय पसरून म्हणाल्या, “समदं इचारलात, पाण्याचं इचारलं न्हाई. नांदेडचे का?”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. खरंच, आमच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. गोदावरीच्या काठी जन्म काढलेली माणसं. घराला भिंती आहेत का असं विचारत नाही, तसं पाणी आहे का असंही विचारत नाही.

“नळ आठवड्यानं येतंय,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी बी कवा येईल त्याचा नेम न्हाई. बहुतेक करून दुपारचाच येतंय. आला की तेवढ्यात खालचा हौद भरायचा, वरची टाकी भरायची, ड्रम भरायचे. घरात माणूस नसलं की आठ दिवस बोंब, मग माझ्या दारात येऊन रडू नका. म्हणून मी भाडं सांगायच्या आधी इचारते. दुपारचं माणूस कोण हाय तुमच्यात?”

कुणाला कळेना.

“आवो, दुपारी घरात कोण असणार? ह्या नोकरीला. हे लेकरू शाळेला.” मग त्यांनी माझ्याकडे हनुवटी केली. “अक्का, तुमी राहणार का?”

“नाही नाही, त्या कशा राहतील,” सुनीता म्हणाली.

“राहीन की,” मी म्हणाले.

दोन्ही एकदमच.

शिवकांताबाई आधी तिच्याकडे बघून हसल्या, मग माझ्याकडे बघून. “अगोदर आपसात ठरवा बाई. निलंग्याची एक फॅमिली पाचला येणार हाय. त्येंच्यात आजी हाय, आजोबा बी हाय. पाचपर्यंत थांबते मी.”

कोपऱ्यावर रसवंती होती. आम्ही तिथे बसलो कारण दुसरीकडे सावलीच नव्हती. चरकाच्या घुंगरांचा आवाज येत होता, आल्याचा आणि उसाचा ओला वास. ग्लास समोर आले. कुणी उचलले नाहीत. माझ्या कानात एकच वाक्य फिरत होतं, त्या कशा राहतील. इतकं स्पष्ट ‘नाही नाही’ सुनीताने मला कधी ऐकवलं नव्हतं. बरोबरच आहे, मी मनात म्हटलं. हिला पहिल्यांदाच स्वतःचं घर मिळतं आहे. त्यात उंचीप्रमाणे बरण्या लावणारी सासू कशाला?

शेवटी तीच बोलली. “आई, तुम्ही परक्या बाईसमोर भिडेने हो म्हणालात. मला तसं नको.”

“भीड कसली?”

“नाना एकटे पडतील. तुमची मंडळी, तुमचं सगळं तिथे. मी कोणत्या तोंडाने विचारणार होते?”

“आणि मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते, की तुझ्या घरात मला घे?”

सुनीता माझ्याकडे बघत राहिली. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, तेवढ्यात रेवाने ग्लास टेबलावर आपटला. रस सांडला.

“तुम्ही सगळे कधीपासून मला एकच विचारून राहिलात. कोणती शाळा, कोणती शाळा. मला कोणती पण चालते!”

“मग काय पाहिजे तुला?” सुनीताने विचारलं.

“शाळा सुटल्यावर घरी कोण असणार, ते कुणीच सांगत नाही. इथं आलो तर मम्मी दवाखान्यात. तिथं राहिले तर मम्मी इथंच. मी कुलूप उघडून एकटीनं आत जायचं का? ते सांगा आधी. मग शाळा मी सांगते.”

रसवंतीवाल्याने चरक थांबवला होता. घुंगरं गप्प. तो हळूच म्हणाला, “ताई, सांडला त्याचा दुसरा देऊ का?”

“द्या,” मी म्हणाले, आणि फोन काढला.

नानांनी दोनदा ‘हॅलो’ केलं. मी सांगितलं, “अहो, मी लातूरला राहायला येतेय. म्हणजे जातेय. सुनीता-रेवाबरोबर.” एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांना न विचारता फारतर पडदे बदलले असतील. कूलरचा आवाज मला फोनमधून ऐकू येत होता. सुनीता माझ्या तोंडाकडे बघत होती, रेवा तिच्या. शांतता इतकी लांबली की मला वाटलं, झालं, मोडलं सगळं.

मग नाना म्हणाले, “वरणाला कुकरच्या शिट्ट्या किती?”

“तीन,” मी म्हणाले. फोन सुनीताने घेतला.

“आता शाळा सांग,” तिने रेवाला विचारलं, फोन कानाला तसाच ठेवून.

“आजची. त्या बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.”

आम्ही परत गेलो तेव्हा शिवकांताबाई दारातच उभ्या होत्या. “ठरलं? कोण?”

“मी.”

“मग ह्ये उचलून दावा.” त्यांनी अंगणातल्या हौदाच्या लोखंडी झाकणाकडे बोट केलं. सुनीता पुढे झाली तर तिला हाताने थांबवलं. “तुमी न्हाई. अक्का.” तिघींत प्रवेश परीक्षा त्या दिवशी माझीच झाली. मी पदर खोचला. झाकण तापलेलं होतं. पहिल्यांदा हललं नाही. दुसऱ्यांदा कडेने उठलं आणि आतून गार, शेवाळी अंधार तोंडावर आला. तळाशी थोडंसं पाणी होतं आणि त्यात माझा चेहरा, पांढरे केस मोकळे झालेला.

“जमतंय,” शिवकांताबाई म्हणाल्या. “जून ते जून, सोडून जायचं न्हाई.”

सगळं गोड झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही. पहिले काही आठवडे सुनीता आणि मी या दोन खोल्यांत एकमेकींना वाट देत देत फिरायचो, पाहुण्यांसारख्या. तिने बरण्या तिच्या मनाने लावल्या, मी हात मागे बांधून बघत राहिले. दुपारी या गॅलरीत बसलं की माझं नांदेडचं घर खोली खोलीने आठवायचं. आत्ता देवघराच्या खिडकीतून ऊन तिथे पोचलं असेल, आत्ता नाना चहाचं भांडं करपवत असतील. गल्लीत सगळ्या गॅलऱ्यांत अशाच बायका बसलेल्या. कुणाचं रान मागे, कुणाची म्हैस, कुणाचा आजारी नवरा. कुणी त्याबद्दल बोलत नसे. शेंगा निवडायच्या आणि रस्त्याकडे कान ठेवायचा.

नाना शनिवारी बसने यायचे, नांदेडची वांगी घेऊन, जणू लातूरला वांगी मिळत नाहीत. आणि रोज संध्याकाळी फोन. इतकं आम्ही समोरासमोर राहून कधी बोललो नव्हतो.

शाळेचा पहिला दिवस मी अजून विसरलेले नाही. रेवाला मी शब्द दिला होता, शाळा सुटायच्या वेळी खाली फाटकाशी उभी राहीन. वेळ जवळ आली, मी चप्पल घातली, आणि खालून हाक आली, “अक्का, नळ!”

हौदाचं झाकण उचललं, पाइप सोडला. पाण्याला जोर असा, की पाइप धरून ठेवला नाही तर सापासारखा बाहेर फेकला जायचा. मोटर लावायला वर पळाले. वरची टाकी, मग ड्रम, पुन्हा खाली, तर झाकणाखाली दाबून ठेवलेला पाइप निसटलेला. अप्पा दुकानात गिऱ्हाइकात अडकलेले. रस्त्यावर मुलांचा गलका सुरू झाला. शाळा सुटली होती. पाइप सोडावा तर आठवड्याचं पाणी जातं, धरून ठेवावा तर शब्द. हौद अंगणाच्या मागच्या बाजूला, तिथून फाटक दिसत नाही. मी ओरडले, “रेवा!” पाण्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. मनात दिसत होतं, ती फाटकाशी आली आहे, कुणी नाही असं बघते आहे, दप्तराचा पट्टा धरून उभी आहे. पहिल्याच दिवशी.

मग माझ्या हाताच्या पुढे दुसरे दोन हात आले आणि त्यांनी पाइप धरला. तिने दप्तरही उतरवलं नव्हतं. गणवेश भिजत होता.

“मला फाटकाशी यायचं होतं गं,” मी म्हणाले.

“घरी होतीस ना?”

“होते की.”

“मग झालं.” आणि मग पाइपकडे बघतच, “आजी, भूक लागली.”

त्या दिवशी मी केलेले पोहे खारट झाले होते. तिने दोनदा घेतले.

आता ती सोळा वर्षांची आहे. दहावी झाली, अकरावीच्या प्रवेशाचे दिवस आहेत, आणि आता ती ‘काहीही’ म्हणत नाही. दर तासाला नवं मत असतं, आणि ते सगळ्या घराला ऐकवते. गल्लीत पुन्हा तोच उन्हाळा आला आहे. तीच गुंडाळलेली गादी, तोच निळा ड्रम, आणि टेंपोतल्या बायकांच्या चेहऱ्यावर तेच, की आपण इथे कशासाठी, हे आपल्याला कुणी विचारलं का?

रविवारी तुमचा फोन ठेवल्यावर मी गॅलरीत जाऊन बसले. रेवाने विचारलं, काय झालं. मी तिला तुझ्या टोपीबद्दल सांगितलं, अर्णव. ती म्हणाली, “त्याला शाळेचं नको विचारू. मंजूआत्याला विचार, दुपारी घरी कोण असणार.” मग जरा थांबून, “आणि आजी, मी आता किल्ली लावून घर उघडते की. इतकी मोठी झालेय.”

“आणि नळ?” मी म्हणाले.

संध्याकाळी नानांना तेच सांगितलं. ते लगेच म्हणाले, “दुपारचं माणूस म्हणून मी काय वाईट हाय? वरण येतं मला. झाकण बी उचलतो, त्या बाईला सांग परीक्षा घ्यायला.”

मी विचारलेलं नव्हतं. मी फक्त नळाबद्दल बोलले होते.

पासपोर्ट कपाटात डाव्या खणात आहे, स्वेटरांच्या खाली. मी काढून पाहिला. चालतो आहे अजून.

हे लिहिता लिहिता खाली गलका झाला. शिवकांताबाईंची हाक आली, नळ आला आहे. आमच्याकडे रेवा पळाली, तिचा आवाज अंगणातून येतो आहे. समोरच्या घरी मात्र ती नवी बाई दारात उभी आहे. सामान अजून रस्त्यातच. हातात नवा पाइप, त्याची गुंडाळी सुटत नाही. तिला कळलेलं नाही की पाणी किती वेळ आहे. तिने इकडेतिकडे पाहिलं, मग वर. या वेळी तोंड फिरवलं नाही. पण हाकही मारली नाही. कशी मारेल?

“थांबा,” मी वरूनच ओरडले, “मी येते!”

अर्णव, तारा, तुमच्या आईला हेच सांगा. तिने विचारलेलं नाही, मला माहीत आहे. ती माझीच मुलगी आहे, विचारणारही नाही. तिला म्हणावं, आजी म्हणते आहे, मी येते.